मुलासाठी

जर्मनमध्ये सुरू केलेलं वाक्य गिहानने पुरं केलं आणि मगच तिच्या लक्षात आलं, की त्या दगडी भुंगेऱ्याभोवती फिरणाऱ्या माणसांतली काळ्या कपड्यातली म्हातारी म्हणजे आपली सासू आहे. वाक्य नेहमीचंच होतं. कर्नाकच्या देवळातून फिरत फिरत तळ्याच्या काठाशी आलं की ते तोंडातून आपोआप बाहेर पडे. हा राजाने सूर्यदेवासाठी बसवलेला भुंगेरा, शेणाची गोळी ढकलणारा, म्हणजे रोज नव्याने जन्मणारा. आणि लोक म्हणतात, याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या तर नशीब उघडतं, पाच मारल्या तर लग्न जमतं आणि सात मारल्या तर मूल होतं. मग ती जरा थांबे आणि म्हणे, "तेव्हा ज्यांची मुलं केव्हाच मोठी झालीत, त्यांनी पाचावर थांबलेलं बरं." यावर लोक हसत. आजही हसले. बोटीवरून आलेला वयस्कर जर्मनांचा गट होता; हसता हसता त्यातले दोघंतिघं फेऱ्या मारायला गेलेही. गिहानने हातातली गाइडची निळी झेंडी उगीच दुसऱ्या हातात घेतली. तिला वाटलं, आपली चूक होत असेल. डाव्या पायावर झुकून चालणाऱ्या जाड बायका लक्सरमध्ये थोड्या का आहेत? पण म्हातारीने वळताना गुडघ्यावर हात ठेवला, मान वर केली आणि ओठ हलवले, आणि त्या ओठांवरचं 'या रब', देवाला घातलेली ती हाक, गिहानला ऐकू न येताही कळलं. ते ती रोज जिन्यावर ऐकत होती.

सासू, हाज्जा बहिय्या, खाली राहायची आणि गिहान व तिचा नवरा राफत वरच्या मजल्यावर. अवामिय्या वस्तीतलं ते घर सासऱ्यांनी कुवेतच्या कमाईतून बांधलेलं होतं. इतक्या वर्षांत हाज्जा कधी कर्नाकला आल्याचं गिहानच्या ऐकिवात नव्हतं. देवळांना ती 'तुझे दगड' म्हणे. 'आज तुझ्या दगडांना गर्दी होती का?' असं रात्रीच्या जेवणाच्या वेळी ती विचारायची, जसं एखाद्याच्या दुकानाबद्दल विचारावं. आज सकाळी गिहान कामाला निघाली तेव्हा म्हातारी दारात भाकऱ्यांचं पीठ उन्हात फुगायला ठेवत होती आणि म्हणाली होती, गुडघा ठणकतोय, दवाखान्यात जाऊन येईन म्हणते. आणि आता ती इथे होती, रंगीबेरंगी टोप्या घातलेल्या परदेशी पोरींच्या रांगेत, मोबाइल उंच धरून हसणाऱ्या माणसांच्या मधोमध, एकटी न हसता चालत. गिहानला आधी राग आला. मग आपण आताच केलेला विनोद आठवला, आणि तो जर्मनमध्ये केला म्हणून बरं असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटली.

मूल हा शब्द ती रोज उच्चारायची आणि त्याचं तिला आता काही वाटत नसे. सुरुवातीला वाटायचं. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर ती आणि राफत आसियूतच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर सभ्य होते. कागदावरचे आकडे त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवले आणि ते आकडे राफतचे होते. गणिताचा मास्तर असल्यामुळे असेल, राफत त्या आकड्यांकडे बराच वेळ नुसता बघत राहिला, जणू कुणीतरी बेरीज चुकवलीय. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता आणि बाहेर सगळीकडे ऊस होता. घरी पोचले तेव्हा हाज्जा दारातच उभी. 'काय म्हणाले?' तिने विचारलं. राफत बुटांचे बंद सोडायला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याची मान लाल झाली होती. सुटलेले बंद तो पुन्हा बांधत होता आणि पुन्हा सोडत होता. शेवटी गिहानच म्हणाली, 'माझ्यातच आहे, हाज्जा.' कुणी तिला हे सांगायला सांगितलं नव्हतं. वाक्य आपोआप तोंडातून आलं. त्या वेळी तिला वाटलं होतं, रात्री खोलीत गेल्यावर राफत याबद्दल काहीतरी बोलेल. तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या आवडीचे पेरू घेऊन आला. त्यानंतर वर्षानुवर्षं पेरू येत राहिले.

हाज्जा त्यावरून तिला कधी घालूनपाडून बोलली नाही, हे खरं होतं. गल्लीतल्या बायका बोलायच्या, पण त्याही दबक्या आवाजात. हाज्जाने तिला शेखाने फुंकलेलं पाणी पाजलं, उशीखाली ताईत ठेवला, कोंबडीची कलेजी तिच्या ताटात वाढली. मात्र कुणाच्या घरी बाळाच्या सातव्या दिवसाचा समारंभ असला की हाज्जा एकटीच जायची. 'तू कामाला जा,' म्हणायची, 'तुला कशाला तो गोंगाट.' सुरुवातीला गिहानला तो मायेचा भाग वाटला. मग एकदा तिने समोरच्या घरातल्या उम्म हिशामला म्हणताना ऐकलं, की वांझेची सावली बाळंतिणीवर पडू नये एवढं हाज्जाला बरोबर कळतं. त्यानंतर अशा दिवशी ती मुद्दाम जास्तीचं काम घ्यायची. एका अर्थी तिचं बरंच चाललं होतं. ती पहाटे घराबाहेर पडते, परक्या पुरुषांशी परक्या भाषेत बोलते, बोटीवर जेवते, याबद्दल तिला कुणी बोलत नसे. बिचारी, मन रमवते, असं म्हणत. तिला ते ऐकायची सवय झाली होती.

"गिहान! जरा इकडे या ना!" बेंके बाईंनी हाक मारली. हॅम्बुर्गच्या इस्पितळात नर्स म्हणून जन्म काढलेली गटातली ही बाई आदल्या दिवसापासून दिसेल त्याची नाडी बघत होती. वळणावर हाज्जाचा पाय मुरगळला असावा, कारण बेंके बाईंनी तिला कोपरापाशी घट्ट धरलं होतं आणि दोघी जोडीने फेरी पुरी करत होत्या. गटातले लोक कौतुकाने पाहत होते, एकजण फोटो काढत होता. "हिला विचारा ना, ही कशासाठी फिरतेय? खरंच मुलासाठी? या वयात?"

गिहान सासूच्या समोर जाऊन उभी राहिली. सासूने तिच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत ओळख आणली नाही. "मॅडम," ती म्हणाली, "ही गोरी काय म्हणते?" हाज्जाच्या तोंडून मॅडम हा शब्द गिहानने पहिल्यांदाच ऐकला. तो तिने असा उच्चारला की गिहानलाही क्षणभर वाटलं, ही बाई आपल्या ओळखीची नसावी.

"विचारतेय, तुम्ही कशासाठी फेऱ्या मारताय, हाज्जा."

"तिला काय करायचंय?"

"सहज विचारतेय."

"सांग तिला, मुलासाठी."

"नातवंडासाठी," गिहानने जर्मनमध्ये सांगितलं. "हिच्या सुनेला मूल नाही."

बेंके बाई चुकचुकल्या आणि त्यांनी म्हातारीचा हात थोपटला. "मग सून स्वतः का नाही आली?"

"विचारतेय, सून का नाही आली."

"तिला काम असतं," हाज्जा म्हणाली. ती अजूनही गिहानकडे परक्यासारखी पाहत होती. "दिवसभर उन्हात बोलून बोलून तिचा घसा बसतो. तिला कशाला आणू?"

"तिला वेळ नसतो," गिहानने सांगितलं. मग तिने घड्याळाकडे पाहिलं, सगळ्यांना मोकळा वेळ दिला, झेंडी गुंडाळली आणि बेंके बाईंना म्हणाली, की आजींना सावलीत बसवते, तुम्ही फोटो काढा.

तळ्याकाठच्या चहाच्या टपरीशी झाडाखाली बाकं होती. गिहानने दोन ग्लास थंड कर्कदे, जास्वंदीचं सरबत, आणलं. हाज्जाने चप्पल काढून पाय बाकावर घेतला आणि लाल सरबत एका दमात निम्मं केलं. "गोड जास्त घालतात," ती म्हणाली.

"गुडघा दुखत होता ना?"

"दुखतोच आहे. खोटं थोडंच बोलले."

"इथे यायची काय गरज होती? माझ्या नावाने असं चारचौघांत—" गिहानला आवाज खाली ठेवावा लागत होता. "ही गोष्ट आम्हीच उठवलेली आहे, हाज्जा. आम्ही गाइड लोकांनी. जुन्या काळी असलं काही नव्हतं. लोकांना गंमत वाटावी म्हणून सांगतो आम्ही."

"असेना. अबुल हज्जाजच्या दर्ग्यात तरी कुणी पावती देतं?" हाज्जाने ग्लास खाली ठेवला. "आणि तुझ्या नावाने कुणी मारल्या फेऱ्या? मुलासाठी म्हटलं मी. माझ्या मुलासाठी. राफतसाठी."

गिहानने तळ्याकडे पाहिलं. तळ्यातलं पाणी हिरवं होतं आणि त्यावर कुणीतरी टाकलेली बाटली तरंगत होती.

"तुझ्यात काही नाही ते मला ठाऊक आहे," हाज्जा म्हणाली. ती हे गुडघा चोळत, गुडघ्याकडे पाहत बोलली. "तेरा वर्षांचा होता तो. गालगुंड झाली. गाल उतरले आणि खाली सूज आली, ताप असा की अंथरुणाला चटका बसावा. याचा बाप कुवेतला. मी एकटीने इस्पितळात नेलं. तिथला म्हातारा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, पोर वाचेल, पण पुढे याला मूल झालं तर अल्लाची कृपा समज. मी कुणाला सांगितलं नाही. बापालाही नाही. तो कुवेतहून काय करणार होता?"

"आणि लग्नाच्या वेळी?"

"लग्नाच्या वेळी गप्प बसले. म्हटलं, कृपा होईल."

"आणि आम्ही आसियूतहून आलो त्या दिवशी?"

"त्या दिवशी तू म्हणालीस, माझ्यात आहे." हाज्जाने आता पहिल्यांदा तिच्याकडे सासूसारखं पाहिलं. "मी म्हटलं, पोरगी भली आहे. देतेय, तर घ्यावं. घेतलं."

गिहानला त्या 'घेतलं'चं नंतर अनेक दिवस आश्चर्य वाटत राहिलं. शेजारणीकडून वाटीभर साखर घ्यावी तसा तो शब्द आला होता. तेव्हा मात्र तिच्या मनात दुसरंच काहीतरी येत होतं: पाणी पाजणारा तो हात, उशीखालचा ताईत, ताटातली कलेजी. हे सगळं करताना म्हातारीला माहीत होतं. मग ते कुणासाठी करत होती? गल्लीला दिसावं म्हणून? की देणं फेडायची तिची तीच रीत होती? गिहानला राग यायला हवा होता. तो कुठेतरी होताही, पण या उन्हात, सरबताचा ग्लास हातात घेऊन, पलीकडे आपला गट फोटो काढतोय हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असताना त्याला वर यायला वाट मिळत नव्हती. "मग आज का सांगताय?" तिने विचारलं.

"शुक्रवारी सब्री येतोय." सब्री म्हणजे अरमंतला उसाची शेती असलेला हाज्जाचा धाकटा भाऊ. "त्याने राफतसाठी मुलगी बघितलीय. इस्नाकडची. विधवेची पोर, अजून विशी ओलांडली नाही. तू राहशीलच, तुला कोण काढतंय. पण घरात पाळणा हलायला हवा, म्हणतो. राफतशी फोनवर बोलला."

"राफत काय म्हणाला?"

"म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, मामा." म्हातारीने चप्पल पायाने ओढून घेतली. "नाही म्हणाला नाही. का म्हणाला नाही ते तुलाही कळतं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. अबुल हज्जाजकडे दोनदा जाऊन आले. मग म्हटलं, हेही करून बघू. ती पोर उद्या घरात येईल, आणि दोन वर्षांनी तिलाही दारात उभं करून म्हणायला लावायचं का, माझ्यात आहे म्हणून?"

बेंके बाई लांबून हात हलवत होत्या. गिहान उठली. तिने सासूला फाटकापर्यंत सोडलं, मिनीबसमध्ये चढवलं, आणि मग गटाला घेऊन पुढच्या देवळाकडे निघाली. त्या दुपारी ती जे बोलली ते चुकीचं नव्हतं; राजांची नावं, खांबांची उंची, कुठल्या भिंतीवर कुठली लढाई, सगळं जागच्या जागी येत होतं. पण मधेच एखाद्या कोरीव राणीसमोर तिला वाटे, राफतने फोनवर ते कुठे उभं राहून म्हटलं असेल? गच्चीवर? शाळेच्या व्हरांड्यात? 'तुम्ही म्हणाल तसं.' आवाज कसा होता? आणि तो फोन ठेवून झाल्यावर घरी येताना त्याने पेरू आणले होते का?

शुक्रवार येईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो नेहमीसारखाच होता. मुलांच्या वह्या तपासायचा, चहात पुदिना जास्त झाला तर काढून ठेवायचा, तिचा घसा बसलाय हे पाहून न सांगता पाणी कोमट करून द्यायचा. चांगलाच माणूस होता. तिला ही एक अडचणच होती, कारण तो वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. ती वाट बघत होती की तो सांगेल. जेवताना तो तोंड उघडायचा आणि मीठ मागायचा.

सब्रीमामा नमाज आटोपून आले, दोन जोड्या कबुतरं घेऊन. हाज्जाने ती भरून शिजवली. सगळे खाली हाज्जाच्या खोलीत जेवायला बसले. मामा मोठ्याने बोलणारे, मनाने साधे गृहस्थ होते. कबुतराचा पाय मोडता मोडता ते गिहानला म्हणाले, "पोरी, तुझा मान तुझाच राहणार आहे हां. ती लहान आहे. तू सांगशील तसं वागेल. तुलाही मदत होईल. तुझे ते जर्मन आणि तू." गिहानने राफतकडे पाहिलं. तो भाकरीचा तुकडा मोडत होता आणि मोडलेल्या तुकड्याचे आणखी तुकडे करत होता. तिला वाटलं, आता. आता नाही तर कधीच नाही. आणि तिला हेही कळलं की आपल्या जिभेवर काहीतरी तयार होतंय, एक सोयीचं, सगळ्यांना पचेल असं वाक्य, ज्यातून तो सुटेल. तिने घोटभर पाणी पिऊन ते वाक्य खाली ढकललं.

"सब्री, ते राहू दे," हाज्जा म्हणाली. "दोष माझ्या मुलात आहे."

"काय?"

"ऐकलंस ते. सुनेत काही नाही."

मामांनी आधी गिहानकडे पाहिलं, मग हसले. "हे तुला कुणी शिकवलं गं, बहिय्या? वरच्या मजल्यावरून आलं का?"

"मला कोण शिकवणार? मी त्याला जन्म दिलाय. गालगुंड झाली होती तेव्हापासूनचं आहे. दुसऱ्याच्या पोरीचं वाटोळं मी करणार नाही. एकीचं केलं तेवढं पुरे."

"बोल की रे!" मामा राफतला म्हणाले. "आई काय म्हणते ऐकतोस ना?"

राफतने हातातले तुकडे ताटात ठेवले. "खरं आहे, मामा," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला. मोरीत नळ चालू झाला तो कितीतरी वेळ चालूच राहिला. मामांनी उरलेलं कबुतर खाल्लं नाही. चहा न घेता ते अरमंतला परत गेले, आणि दारात हाज्जाला एवढंच म्हणाले, की हे तू मला एकट्याला सांगायचं होतंस.

आता हलकं वाटेल अशी गिहानची कल्पना होती. तसं झालं नाही. आठवड्याच्या आत गल्लीला कळलं, आणि गल्लीतल्या बायका तिच्याकडे नव्या डोळ्यांनी पाहू लागल्या. आतापर्यंत त्यांना तिची कीव येत होती, आणि कीव येणाऱ्या माणसाला कुणी फार प्रश्न विचारत नाही. आता उम्म हिशामने सरळ तिला जिन्यातच गाठलं. "मग तू एवढी वर्षं का राहिलीस गं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात कौतुक होतं आणि संशयही होता. "मी असते तर पहिल्याच वर्षी माहेरची गाडी पकडली असती. तुझंही काहीतरी असणारच." कामावर जाताना गिहानला वाटे, आपण पहाटे बाहेर पडतो त्याचीही आता कारणं शोधली जात असतील. केनाहून तिच्या आईचा फोन आला. आई आधी रडली, मग रागावली, आणि मग एकदम व्यवहाराच्या आवाजात म्हणाली, "निघून ये. अजून वय आहे तुझं. अजून दोनतीन वर्षं तरी आहेत." गिहान म्हणाली, बघते. फोन ठेवल्यावर ती पलंगावर बसून राहिली. अजून वय आहे, हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती स्वतःही ते विसरून गेली होती. तिला एकदम हातापायांना मुंग्या आल्यासारखं झालं. का राहिलीस? तिने खरंच आठवून पाहिलं. दया? प्रेम? की दारात त्या दिवशी एक वाक्य तोंडातून गेलं आणि मग त्याच वाक्यात राहणं सोयीचं झालं? प्रत्येक उत्तर थोडं थोडं बरोबर वाटत होतं.

राफत त्या शुक्रवारनंतर आईशी बोलत नव्हता आणि गिहानशी कामापुरतं बोलत होता. एका दुपारी शाळेतून आल्यावर तो गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी पंप दुरुस्त करत बसला होता. गिहान वाळलेले कपडे काढायला वर गेली. पलीकडच्या गच्चीवर उम्म हिशाम चादरी झटकत होती. पंप सुरू होऊन घरघरत होता आणि राफतच्या हाताला काळं वंगण लागलं होतं.

"तू जाणार आहेस का?" त्याने पंपाकडे पाहतच विचारलं.

तिने हातातले कपडे टाकीच्या कठड्यावर ठेवले. "आधी मला सांग, तू मामांना 'नाही' का म्हणाला नाहीस? फोनवर?"

तो खोटं बोलणार नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. "मला वाटलं, तू काहीतरी म्हणशील," तो म्हणाला. "वेळ आली की तू म्हणतेस. नेहमी."

गिहानला यावर रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट डोकं अगदी स्वच्छ झालं. "यापुढे मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली.

"मग मी काय म्हणू?"

"ते तू बघ."

ती कठड्यावर बसली. एरवी अशा वेळी ती खाली गेली असती, चहा टाकला असता, आणि त्या चहात विषय बुडून गेला असता. आज ती बसून राहिली. त्याने पाना खाली ठेवला, फडक्याने एकेक बोट पुसलं, फडकं घडी केलं. समोरच्या मशिदीतून दुपार कलल्यावरची अस्रची बांग सुरू झाली आणि संपली. तिला केनाची गाडी आठवली, आणि ती गाडी कुठेतरी खरोखरच निघत असेल हेही मनात आलं. आपण काय करणार हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"जाऊ नकोस," राफत म्हणाला.

तिला ते ऐकू आलं होतं. "पंपाच्या आवाजात कळलं नाही," ती म्हणाली.

राफतने वाकून पंपाचं बटण बंद केलं. गच्चीवर एकदम शांत झालं. पलीकडे उम्म हिशामने हातातली चादर झटकणं थांबवलं. त्याने तिकडे एकदा पाहिलं, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, आणि मग मान वर करून तेच पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने, दोन्ही गच्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.